एलईडी लावले, चार्जर काढले, तरी बिल तेवढंच. मग जातंय कुठे?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात चार माणसं, सगळे दिवे एलईडीचे करून झाले, मोबाइलचे चार्जर काम झालं की काढून ठेवता, टीव्हीचा मेन स्विच बंद करता, मुलांच्या मागे "लाईट बंद कर, लाईट बंद कर" करत फिरता, आणि तरी बिल जिथल्या तिथे. वर पाण्याचं आणि गॅसचंही वाढतंय. आता अजून काय बंद करू, असं विचारलंय.

मी बावीस वर्षं घरांचं वायरिंग करतोय आणि त्यातली शेवटची आठ-दहा वर्षं लोकांच्या घरी जाऊन बिल का येतंय हे शोधून देणं हेच मुख्य काम झालंय, त्यामुळे हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की विचारू नका. तुमचं काही चुकलेलं नाही, फक्त तुम्ही जे दिसतं त्याच्या मागे लागलाय. दिवा दिसतो, टीव्ही दिसतो, चार्जरचा लाल ठिपका दिसतो. पैसे खाणारी वस्तू बहुतेक वेळा दिसत नाही, ती बाथरूमच्या माळ्यावर असते नाहीतर फ्रीजच्या पाठीमागे असते.

आधी हिशोबाची एकच गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यातूनच येतं. एक युनिट म्हणजे १००० वॅटची वस्तू एक तास. किंवा १०० वॅटची दहा तास. म्हणजे वॅट गुणिले तास, भागिले हजार, संपलं. आता हे तुमच्या घराला लावून बघू. ९ वॅटचा एलईडी लावलात, आधी तिथे काय होतं? जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब असता तर आठ दिवे, रोज पाच तास, म्हणजे महिन्याला ६० युनिट वाचले असते आणि बिलात लगेच दिसलं असतं. पण बहुतेक घरांत पिवळे बल्ब कधीच गेलेत, तिथे १५ वॅटचे सीएफएल होते. मग फरक दिव्यामागे ६ वॅटचा, आठ दिव्यांचे महिन्याला जेमतेम सात युनिट. तेवढे तर उन्हाळा-हिवाळ्याच्या चढउतारात हरवून जातात. चार्जरचं तर त्याहून गंमत आहे, हल्लीचा बरा चार्जर नुसता प्लगमध्ये राहिला तर पाव वॅटसुद्धा खात नाही, वर्षभर तसाच ठेवला तरी दोन युनिटच्या आसपास. काढून ठेवा, चांगलीच सवय आहे, शॉर्टसर्किटचा धोका कमी होतो, पण बिलासाठी म्हणून त्यात जीव घालवू नका.

मग बिल कशात आहे? माझा सरळ ठोकताळा आहे: जे काही गरम करतं किंवा गार करतं ते बिल बनवतं, आणि जे चोवीस तास चालू राहतं ते बिल बनवतं. बाकी सगळं चिल्लर. गिझर, एसी, हीटर, इस्त्री, ओव्हन, वॉशिंग मशीनमधला हीटर हे पहिल्या गटात. फ्रीज दोन्ही गटांत. सेट-टॉप बॉक्स, स्टॅबिलायझर, राउटर, बॅकअपचा इन्व्हर्टर हे दुसऱ्या गटात. पण माझ्यावरही विश्वास ठेवू नका, मोजा. मोजायला काही विकत आणायची गरज नाही, मीटर तुमच्याच घरावर लावलाय.

ते असं करायचं. डिजिटल मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो, बघितलाच असेल. त्याच्या शेजारी एक आकडा छापलेला असतो, कुठे १६००, कुठे ३२००, कुठे वेगळा. त्याचा अर्थ एक युनिट जळलं की तो दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. आता दोन लुकलुकींच्या मध्ये किती सेकंद जातात ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बघा. ३६ लाखाला त्या छापलेल्या आकड्याने भागा, मग सेकंदांनी भागा, आलेला आकडा म्हणजे त्या क्षणाला तुमचं घर किती वॅट ओढतंय. ३२०० चा मीटर असेल तर सोपं, ११२५ भागिले सेकंद. पाच सेकंदांनी लुकलुकला तर २२५ वॅट. एका सेकंदात एकदा तर ११२५ वॅट. एकच जोडी मोजू नका, दहा लुकलुकी मोजून दहाने भागा, नाहीतर आकडा हलतो.

मागे एका घरी असंच गेलो होतो, नवरा-बायको दोघंही दिवसभर बाहेर, तरी बिल भरपूर, त्यांची खात्री झालेली की मीटरच पळतोय. मी म्हटलं घरातलं सगळं बंद करा, अगदी सगळं. त्यांनी फिरून केलं, फ्रीजची पिनसुद्धा पाच मिनिटांसाठी काढली, आणि आम्ही तिघं मीटरसमोर उभे. दिवा लुकलुकला. मोजत राहिलो, चौदा सेकंदांनी परत. मीटर ३२०० चा, म्हणजे ८० वॅट. "सगळं बंद" असलेल्या घरात ८० वॅट. काका म्हणाले बघा, मीटर खराब आहे. मी एकेक प्लग मुळापासून काढत गेलो आणि काका बाहेरून सेकंद ओरडून सांगत होते. जुना स्टॅबिलायझर काढला, २२ वॅट गेले, तो ज्या एसीला होता तो चार महिने लावलाच नव्हता. सेट-टॉप बॉक्स १४, टीव्ही रिमोटने बंद होता पण ही पेटी तापलेली. साऊंड सिस्टिम ११. राउटर ९. आणि बॅटरी जुनी झालेला बॅकअप इन्व्हर्टर नुसता बसल्या बसल्या २४. झाले ८०. मग दिवा लुकलुकायचा थांबला आणि काका पण थांबले. ८० वॅट म्हणजे महिन्याला ५७-५८ युनिट, कोणी घरात असो नसो. राउटर ठेवला, बाकीच्यांना स्विचचा बोर्ड लावून दिला, इन्व्हर्टरची बॅटरी बदलली. मीटर बिचारा एकदम ठणठणीत होता.

तर पहिलं काम हे. रात्री सगळे झोपल्यावर, फ्रीज आणि पंखे-एसी काही मिनिटं बंद ठेवून, मीटरचे सेकंद मोजा. तो आकडा तुमच्या घराचा पाया. पाया २० वॅटच्या आत असेल तर सोडून द्या, पुढे जा. ५० च्या वर असेल तर आधी तोच शोधा, कारण १० वॅट सतत म्हणजे महिन्याला सात युनिट, हे पाठ करून ठेवा. आणि सगळ्या पिना काढून झाल्यावरही दिवा लुकलुकत राहिला तर विषय बदलला, मग कुठेतरी वायरिंगमध्ये गळती असू शकते नाहीतर शेजारच्याची एखादी वायर तुमच्या मीटरवर आहे (हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा सापडतं), तिथे स्वतः बोटं घालू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा.

आता गरम पाणी, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण तुमच्या चार माणसांच्या घरात खरी रक्कम बहुधा इथे आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात, हा निसर्गाचा भाव आहे, कुठल्याही कंपनीचा गिझर घ्या यात सूट नाही. नळाचं पाणी २२ अंश, अंघोळीला ४० लागतं, म्हणजे १८ अंश. वीस लिटरची एक बादली अशी तापवायला सुमारे ०.४२ युनिट. चौघांच्या चार बादल्या १.६७ युनिट रोज, महिन्याला ५०. आता शॉवर घ्या. साधा शॉवर मिनिटाला दहा लिटर सोडतो, आठ मिनिटं उभं राहिलं की ८० लिटर, म्हणजे एकट्या माणसाचे १.६७ युनिट. एक जण शॉवरखाली आठ मिनिटं बरोबर चौघांच्या बादल्या. तुमच्याकडे मुलगा कॉलेजात जायला लागला आणि बिल वाढलं असं तुम्ही लिहिलंय, मी काही बोलत नाही, पण बाथरूमच्या बाहेर एकदा घड्याळ लावून बघा.

शॉवर बंद करा असं मी कुणाला सांगत नाही, ऐकत नाही कोणी. शॉवरचं तोंड बदला. बादली खाली धरून एक मिनिट सोडा आणि मोजा किती भरली, १० च्या वर असेल तर ६-७ लिटरवाला शॉवरहेड लावा, आत बारीक जाळी आणि हवा मिसळायची सोय असते, अंगावर धार तेवढीच वाटते. पाणी वाचतं आणि ते तापवायची वीजही, एका दगडात दोन पक्षी ही म्हण इथे अगदी फिट्ट बसते.

गिझर सतत चालू ठेवावा की लागेल तेव्हा लावावा, यावर घराघरात भांडणं आहेत. "सारखं बंद-चालू केलं की जास्त खातो, चालूच राहू दे, तो आपोआप कट होतो" असं सांगणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो. काका चुकतायत. टाकीतलं पाणी जितकं बाहेरच्या हवेपेक्षा गरम तितकी उष्णता गळते, सारखी, आणि ती भरून काढायला गिझर मधूनमधून स्वतःच चालू होतो. १५ ते २५ लिटरचा गिझर दिवसभर चालू राहिला तर कोणी नळ न उघडताही साधारण अर्धा ते एक युनिट रोज जातं. बंद ठेवलेला गिझर थंड होत गेला की गळतीही कमी कमी होत जाते, त्यामुळे लागायच्या आधी लावणं हे नेहमीच स्वस्त. किती आधी? २००० वॅटचा गिझर १५ लिटर पाणी ३० अंशाने तापवायला जेमतेम १६ मिनिटं घेतो. तासभर आधी लावायची काहीच गरज नाही. सगळ्यांच्या अंघोळी एकापाठोपाठ उरकल्या तर उत्तम, नाहीतर सकाळी सातला एक, नऊला दुसरी, साडेदहाला तिसरी, असं केलं की दर वेळी पाईपमधलं आणि टाकीतलं उरलेलं गरम पाणी थंड होतं.

मोठी टाकी असेल तर एक सावधानता. टेम्परेचर खूप खाली ठेवून साठवू नका. साधारण २० ते ४५ अंशाच्या कोमट साठलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचा जंतू वाढतो, फुफ्फुसाला त्रास देतो, म्हणून साठवायचं तर ६० अंशाला आणि नळापाशी थंड मिसळून वापरायचं. छोटा गिझर जो रोज पूर्ण रिकामा होतो त्याची एवढी काळजी नाही.

आणि एक गैरसमज, माझ्याच धंद्यातले लोक पसरवतात. "गिझरच्या कॉइलवर क्षार बसले, बिल डबल येतं, सर्व्हिसिंग करा." कॉइल पाण्यात बुडालेली आहे, ती जी उष्णता सोडणार ती पाण्यातच जाणार, दुसरीकडे जाणार कुठे. क्षारामुळे कॉइल आतून जास्त तापते, लवकर जळते, म्हणून साफ करायची, ते खरं आहे. बिल डबल होतं हे खोटं.

फ्रीज. इथे लोक दार किती वेळा उघडलं यावर भांडतात, आणि फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवलेला असतो, मागे बोटभर धूळ. फ्रीज म्हणजे आतली उष्णता उचलून मागे टाकणारा हमाल, मागे टाकायलाच जागा नाही ठेवली तर तो बिचारा धावतच राहणार. मागे-वर हवा खेळेल एवढी जागा सोडा, जाळी बाहेर असेल तर वर्षातून दोनदा ब्रशने धूळ काढा (पिन काढून, हे सांगावं लागतं). दाराच्या रबराची परीक्षा: एक कागद दारात धरून दार लावा आणि ओढा, सहज सरकून आला तर तिथून गारवा जातोय, रबर बदला. बर्फ बोटाएवढा जाड झाला की डीफ्रॉस्ट करा, बर्फाचं ते पांघरूण गारवा आत येऊच देत नाही. आत ३ ते ५ अंश आणि फ्रीझरमध्ये उणे १८, याहून गार ठेवून काही जास्त टिकत नाही, पण ५ च्या वर जाऊन बिल वाचवायलाही जाऊ नका, पोट बिघडलं तर औषधाचं बिल.

जुना फ्रीज बदलावा का? हे मोजूनच ठरतं. प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर मिळतो, तो लावून चोवीस तास ठेवा. एका घरी जुना फ्रीज दिवसाला २.१ युनिट खाताना पाहिला, तेवढ्याच मापाच्या नव्यावर लेबल होतं साधारण ०.७ चं. फरक रोजचा १.४, वर्षाला ५११ युनिट. त्याला तुमच्या शेवटच्या युनिटच्या दराने गुणा, नव्या फ्रीजच्या किमतीला त्याने भागा, किती वर्षांत वसूल ते आलं. पाच-सहा वर्षांच्या आत येत असेल तर घ्या. पण मग जुना "पाण्याच्या बाटल्यांना असू दे" म्हणून गॅलरीत चालू ठेवू नका, ही चूक मी डोळ्यांनी इतक्यांदा पाहिलीय, नवा घेऊन बिल वाढलं म्हणून माझ्याकडे येतात.

पंखे, हे कुणी धरतच नाही. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास, बीएलडीसी मोटरचा (नव्या पद्धतीची, कमी वीज खाणारी मोटर) ३० च्या आसपास. रोज १५ तास फिरणारा एक पंखा बदलला की महिन्याला २० युनिट. तीन पंख्यांचे ६०. म्हणजे तुम्ही सीएफएल काढून आठ एलईडी लावून जे केलंत त्याच्या आठपट. सगळे एकदम नको, ज्या खोलीतला पंखा सगळ्यात जास्त तास फिरतो तोच आधी. आणि पंखा खोली गार करत नाही, माणसाला गार करतो, रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा उलट मोटरच्या उष्णतेने खोली किंचित तापवतो.

एसी असेल तर: १८ वर ठेवला म्हणून खोली लवकर गार होत नाही, नेहमीचा एसी तेवढ्याच वेगाने गार करतो, फक्त थांबत नाही. २६ ठेवा आणि सोबत पंखा लावा, हवा अंगावरून गेली की २४ सारखं वाटतं. एक अंश वर गेलात की एसीच्या खर्चात साधारण सहा टक्के फरक धरला जातो. फिल्टर महिन्यातून एकदा नळाखाली. आणि ऊन खिडकीच्या बाहेरच अडवा, आतला पडदा काय करतो तर ऊन घरात घेऊन मग थांबवतो, तोवर उष्णता आत आलेलीच असते. थंडीत खोली तापवायची असेल तर कॉइलचा हीटर एका युनिटची एक युनिट उष्णता देतो, मग तो ऑइलवाला असो, क्वार्ट्झ असो की "एनर्जी सेव्हिंग" लिहिलेला असो, सगळे सारखेच. गरम मोडवाला एसी मात्र बाहेरची उष्णता आत ओढून आणतो, एका युनिटला तिपटीच्या आसपास देतो. खिडकीच्या फटीपाशी पातळ कागदाची पट्टी धरा, हलली तर आधी ती फट बुजवा, मग हीटरचा विचार.

वॉशिंग मशीनमध्ये बहुतेक वीज पाणी तापवायलाच जाते, ढोल फिरवायला नाही, म्हणून रोजचे कपडे ६० ऐवजी ३० अंशाला धुवा, निम्म्याहून कमी वीज लागते. इस्त्री एकदम सगळ्या कपड्यांची. बस.

आता तुमचं पाण्याचं बिल. इथेही मीटरच सांगतो. रात्री झोपताना पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा, सकाळी कोणी उठायच्या आधी परत बघा. हलला असेल तर घरात कुठेतरी गळती आहे, आणि दहात आठ वेळा ती फ्लशच्या टाकीत असते, कारण ती गळती आवाज करत नाही आणि जमिनीवर दिसत नाही, टाकीतून भांड्यात पातळ फिल्मसारखं पाणी उतरत राहतं. टाकीत खायचा रंग थोडा टाका, फ्लश न करता वीस मिनिटं थांबा, भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलंय. माझ्या स्वतःच्या घरी हे सापडायला तीन महिने लागले, दुसऱ्यांच्या घरी जाऊन अक्कल शिकवणारा मी, बायको अजून ऐकवते. नळ ठिबकत असेल तर खाली कप ठेवून दहा मिनिटं मोजा, १४४ ने गुणा, दिवसाचा आकडा. १०० मिली भरला तर रोज १४ लिटर. आणि तो गरम पाण्याचा नळ असेल तर आधी तो, बाकी सगळे नंतर, तिथे पाणी आणि वीज दोन्ही ठिबकतंय.

टाकीत पाणी चढवायचा पंप असेल तर फ्लोट स्विच (टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा) लावून घ्या. एक एचपीचा पंप तासाला एक युनिटच्या आसपास घेतो, रोज पंधरा मिनिटं टाकी वाहत राहिली तर महिन्याचे सात-आठ युनिट आणि पाणी गटारात.

गॅसचं एकच सांगतो पण ते नीट समजून घ्या. पाणी एकदा उकळायला लागलं की ते १०० अंशाच्या वर जात नाही, तुम्ही आच कितीही मोठी करा. जास्तीची सगळी आच वाफ करण्यात जाते. एक लिटर पाणी २५ वरून १०० अंशावर न्यायला लागते त्याच्या सातपट उष्णता तेच लिटर वाफ करून उडवायला लागते. म्हणजे झाकण न ठेवता खदखदत उकळणारं भांडं हे स्वयंपाकघरातलं सगळ्यात महाग दृश्य आहे. उकळी आली की आच बारीक, झाकण घट्ट, पदार्थ तेवढ्याच वेळात शिजतो. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशाच्या आसपास जातं म्हणून वेळ वाचतो, पण पहिल्या शिट्टीनंतर आच मोठीच ठेवली तर तो दाब शिट्टीतून बाहेरच चाललाय. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर डोकावता कामा नये, आणि पिवळी दिसायला लागली तर बर्नरची भोकं साफ करा.

बिल वाचण्याबद्दल थोडं. रक्कम बघू नका, युनिट बघा, आणि मागच्या महिन्याशी नाही, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. बिल किती दिवसांचं आहे तेही बघा, ३४ दिवसांचं बिल ३० दिवसांच्या बिलापेक्षा जास्तच येणार. रीडिंग प्रत्यक्ष घेतलेलं आहे की सरासरीने टाकलंय, तेही. तुमच्याकडे स्लॅबने दर असेल (म्हणजे युनिट वाढतील तसा पुढच्या युनिटचा दर चढत जातो) तर वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या, सगळ्यात महाग स्लॅबमधून वजा होतं, म्हणून "दहा टक्के युनिट कमी केले" तर पैसे दहा टक्क्यांपेक्षा जास्त कमी होतात, याउलट स्थिर आकार मात्र काही केल्या हलत नाही. वेळेनुसार दर असेल तर वॉशिंग मशीन आणि पंप स्वस्त वेळेत लावा.

आणि प्लगमध्ये लावायचा तो "पॉवर सेव्हर" डबा, हिरवा दिवा असलेला, बिल ४० टक्के कमी करतो म्हणून विकतात, तो घेऊ नका. घेतला असेल तर उघडून बघा, आत एक कपॅसिटर आणि तो हिरवा दिवा. घरगुती मीटर युनिट मोजतो आणि त्या कपॅसिटरने युनिट कमी होत नाहीत, उलट तो हिरवा दिवा तुमच्याच बिलावर जळतो.

तुम्ही सोलरचंही विचारलंय. नक्की करा, पण आत्ता नको. आधी गळती बंद करा, मग किती पॅनल लागतील तो आकडाच लहान होतो, आज मोजलात तर वाया जाणाऱ्या युनिटसाठीही पॅनल विकत घ्याल.

तर ताई, या आठवड्यात दुसरं काही बंद करू नका, मुलांना ओरडूही नका. रात्रीचे सेकंद मोजा, गिझर चालू असतानाचे मोजा, फ्रीज एकटा चालू असतानाचे मोजा, पाण्याच्या मीटरचा रात्रीचा आणि सकाळचा आकडा लिहा, मुलाच्या शॉवरची मिनिटं लिहा. मीटरवर छापलेला तो १६०० किंवा ३२०० चा आकडा सोबत कळवा, नाहीतर सेकंदांना अर्थ नाही. एवढं हातात आलं की कुठली वस्तू आधी धरायची ते मी तुम्हाला दोन ओळीत सांगतो.